आश्विनातले वारे आणि मालवणचा समुद्र

नवरात्र जवळ आले की मालवणच्या किनाऱ्यावर एक बदल जाणवू लागतो. आषाढ-श्रावणात रात्रंदिवस घोंगावणारा नैऋत्येचा वारा आता पडलेला असतो. पहाटे अंगणात उभे राहिले, तर पूर्वेकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने, गार झुळूक येते. दुपारी त्याच अंगणात समुद्राकडचा वारा सुटतो आणि माडाच्या झावळ्या उलट दिशेला झुकतात. पहाटेचा तो मतलई वारा आणि दुपारचा तो खारा वारा. ही नावे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलीच असतील. पण आषाढात हे दोघे कोठे गेलेले असतात?

याचे उत्तर मालवणात नाही, उत्तरेच्या मैदानात आहे. मे-जून महिन्यांत राजस्थानापासून गंगेच्या मैदानापर्यंतची जमीन भट्टीसारखी तापते. तेथील हवा हलकी होऊन वर जाते, हवेचा दाब कमी होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी समुद्रावरची हवा देशाकडे धावते. पावसाळी वारा म्हणजे एका अर्थी सबंध देशाचा खारा वाराच होय. तो दिवसरात्र एकाच बाजूने वाहतो. शिवाय आकाश ढगांनी झाकलेले असल्याने जमीन फारशी तापत नाही. मग किनाऱ्यावरच्या लहान वाऱ्यांना वाव कसा मिळणार?

२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो. उत्तरेची मैदाने निवू लागतात. पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस साधारणतः १७ सप्टेंबरपासून माघार घेतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला कोकणातूनही निघून जातो. मैदानावर आता हळूहळू जास्त दाब तयार होतो आणि मोठा वारा ईशान्येकडून, पण मंद वाहू लागतो. आकाश निरभ्र होते, ऊन कडक पडते आणि इतके दिवस दबून राहिलेली मतलई-खाऱ्याची जोडी पुन्हा दिसू लागते.

ही जोडी कशी चालते ते घरी पाहता येईल. एका ताटलीत कोरडी वाळू आणि दुसरीत तितकेच पाणी घेऊन दोन्ही उन्हात ठेवा. तासाभराने हात लावा. वाळू चटका देईल, पाणी कोमटच असेल. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात एक किलो कोरडी वाळू तेवढीच तापते. म्हणून दुपारी किनारा समुद्रापेक्षा अधिक तापतो आणि वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो आणि वारा उलट फिरतो. सिंधुदुर्गात या रात्रीच्या वाऱ्याला सह्याद्रीचीही मदत मिळते. डोंगरउतारावरची गार, जड झालेली हवा खाली घसरत किनाऱ्याकडे येते.

शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमारांचा सारा दिवस याच वेळापत्रकावर बसवलेला असे. मतलईवर पहाटे बाहेर पडायचे, खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. आता होड्यांना इंजिने आहेत, तरी पहाटेचा वारा पाहण्याची जुन्या तांडेलांची सवय गेलेली नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी आरंभ झाला, तोही याच शांत समुद्राच्या दिवसांत!

मात्र हे वेळापत्रक बिघडतेही. दुपारच्या उकाड्याने सह्याद्रीवर उंच ढग चढतात आणि संध्याकाळी वरच्या थरांतील पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. विजा, सोसाट्याचा वारा, तासभर पाऊस. भात कापून शेतात पसरलेले असते, तेव्हाच हे संकट येते.

त्याहून मोठा धोका समुद्रातून येतो. अरबी समुद्रात चक्रीवादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. मधल्या महिन्यांत खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा असे दोन जोरदार वारे एकमेकांविरुद्ध वाहतात, त्यामुळे वादळाचा उभा खांब टिकत नाही. आश्विन-कार्तिकात हे दोन्ही वारे मंदावतात, समुद्र मात्र ऊबदारच असतो.

नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’ असेच आले. लक्षद्वीपच्या बाजूने किनाऱ्याला जवळजवळ समांतर सरकत ते ११ नोव्हेंबरला दुपारी अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर चढले. ताशी ६२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचे वारे असले की चक्रीवादळ म्हणतात. त्या मोजपट्टीवर फयान खालच्याच पायरीवरचे होते. तरीही समुद्रात असलेले कोकणातले अनेक मच्छीमार परतले नाहीत.

असे वादळ कोणत्या बाजूला आहे हे किनाऱ्यावरून ओळखता येते काय? येते. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये एक साधा नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे ठिकाण तुमच्या डाव्या हाताला असते. (नेमके सांगायचे तर डावीकडे आणि किंचित पुढे.) पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने वारे उजवीकडे वळतात आणि वादळाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणून हे असे होते. समजा, मालवणला पहाटे मतलईऐवजी आग्नेयेचा जोरदार वारा आहे. पाठ करून उभे राहिलात तर डावा हात नैऋत्येकडे जाईल. वादळ तिकडे, खोल समुद्रात आहे. वारा पुढे दक्षिणेचा आणि मग नैऋत्येचा झाला, तर वादळ समोरून उत्तरेला सरकत आहे असे समजावे.

कधी वाऱ्याआधी लाटा येतात. वादळ ताशी पंधरा-वीस किलोमीटरने सरकते, पण त्याने उठवलेल्या लांब लाटा त्याच्या दुप्पट वेगानेही पुढे जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ वादळ रत्नागिरीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर होते. किनाऱ्यावर न चढता ते पश्चिमेला निघून गेले आणि पुढे भर समुद्रात महाचक्रीवादळ झाले. पण इकडे कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेत समुद्राचे पाणी शिरले आणि देवगडच्या बंदरात होड्यांनी आसरा घेतला.

अशा वेळी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. खवळलेल्या हवेचा बंदराला धोका आहे, असा त्याचा अर्थ.

तुम्हीही एक नोंदवही ठेवू शकाल. उंच काठीला फडक्याची पट्टी बांधा. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता वाऱ्याची दिशा लिहा. किनाऱ्यावर राहत असाल, तर पहाटे पट्टी पश्चिमेकडे फडफडताना दिसेल. ज्या दिवशी तसे होणार नाही, त्या तारखेपुढे खूण करा आणि हवामान खात्याचा त्या दिवशीचा अंदाज शेजारी उतरवून घ्या.