आधी चाचणी, मग गोळी

गणपती चार दिवसांवर आलेले, घरात पूजा, आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात. अशा वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात, हे रायगडातल्या बायकांना नव्याने सांगायला नको. त्या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं. गंमत म्हणजे पाळी चुकली म्हणून दुकानात ‘पाळी आणायची गोळी’ मागितली, तरी अनेकदा हेच औषध हातात पडतं. जे थांबवतं तेच आणतं कसं? गोळी चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. ती बंद केली की काही दिवसांत अस्तर सुटतं आणि अंगावरून जातं. मात्र दिवस गेलेले असतील तर गर्भ या गोळीने पडत नाही, आणि गरोदरपणात ती घ्यायचीही नसते. बाई ‘आज येईल, उद्या येईल’ म्हणत राहते आणि तीन-चार आठवडे हातचे जातात.

म्हणून गोळीच्या आधी चाचणी. ‘निश्चय’ ही लघवीची चाचणी आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. दुसरी रेघ फिकट दिसली तरी ती आलीच असं धरावं. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावं. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, थोडं रक्त दिसलं, भोवळ आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा घरी वाट न पाहता थेट १०८ ला फोन करावा.

कर्जत, नेरळ, खोपोली ही सगळी ओळखीपाळखीची गावं. दुकानदार वडिलांना ओळखतो, आशाताई भावकीतली निघते. अविवाहित मुलीची चाचणी लांबते ती इथे. पण दिवस गेलेले निघाले, तरी कायदा तिच्या बाजूने आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लग्न झालेलं नाही म्हणून या हक्कात भेद करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं; पण तिने आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख त्यात न देण्याची मुभा त्याच निकालाने दिली.

चाचणीत काही निघालं नाही, तर प्रश्न उरतो की पाळी अडली कुठे. अंडं सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. उशीर बहुधा त्याआधीच झालेला असतो, कारण अंडं कधी सोडायचं याची सूचना मेंदूकडून निघते. खाणं अपुरं, कष्ट जास्त, वजन झपाट्याने उतरलेलं, घरात दुःख, मोठं आजारपण, असं काही असलं की मेंदू ती सूचना लांबवतो. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारी, दोन्ही वेळचं धड न जेवणारी मुलगी आणि वाडीवरची राबून रोडावलेली बाई, दोघींच्या शरीराचा हिशेब एकच असतो. थायरॉईड, प्रोलॅक्टिन वाढणं, आणि आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयसुद्धा, ही कारणं रक्ततपासणी आणि सोनोग्राफीपासून शोधायला सुरुवात होते.

पीसीओएसचं नाव आता कॉलेजातल्या मुलींनाही पाठ आहे. त्यात अंडं वेळेवर सुटत नाही, पण अस्तर वाढत राहतं. ‘पाळी नाही, बरंच आहे’ म्हणून वर्ष काढणं त्यामुळेच धोक्याचं. वाढलेलं अस्तर वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतं. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही अनेकींची पाळी रुळावर येते. पपई, तीळ, गुळाचा काढा यांनी ते होत नाही.

नेहमी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरला दाखवावंच. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतं, तेवढ्यासाठी मुलीला घाबरवू नये.

एक कारण मात्र सरकारी दवाखान्यातूनच येतं आणि त्याबद्दल बायकांना पुरेसं सांगितलं जात नाही, असं माझं मत आहे. ‘अंतरा’ इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कुटुंब नियोजनात मोफत आहे. दर तीन महिन्यांनी एक. ते घेतल्यावर आधी पाळी अनियमित होते, आणि वर्षभरात अनेकींची थांबते. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीनेही पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर चाचणी करायची. रक्त आत साठतं, डोक्यात चढतं, ही भीती बायका एकमेकींना सांगतात आणि इंजेक्शन सोडून देतात. आत काहीच साठत नाही, कारण अंतराने अस्तरच पातळ राहतं. पीसीओएसच्या नेमकं उलट. एवढं वाक्य सुई टोचताना बोललं तर अर्धी भीती जाईल.

कशेळे, खांडस, चौक या पट्ट्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आशाताईंची वही गावात राहते, बाई भट्टीवर. डिसेंबरात चुकलेल्या पाळीची चाचणी मे महिन्यात झाली, तर २० आठवडे बहुधा संपलेले असतात. बाळ हवं असलं तरी लोहाच्या गोळ्यांचे महिने गेलेले. दिवाळीआधी अंतरा घेतलेल्या बाईचा पुढचा डोस जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे भट्टीवरच येतो. पुढच्या तारखेचं कार्ड तिने सोबत न्यावं आणि डोस भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात घ्यावा. ठरल्या तारखेपासून चार आठवडे उशिरापर्यंत तो चालतो. निघताना दोन ‘निश्चय’ही मागून घ्याव्यात, आणि आशाताईंनी त्या द्याव्यात.