मोटारीविना रानवाट: हिंगोलीच्या जंगलातील सायकलीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोलीहून वाशिमकडे किंवा नांदेडकडे सायकल काढली, की राष्ट्रीय महामार्ग १६१ वर ट्रक, ट्रॅव्हल्स आणि ट्रॅक्टरच्या कडेकडेने चालवावी लागते. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथच्या डोंगरांत, सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात आणि कळमनुरी, सेनगाव तालुक्यांतल्या सागवानी रानात मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटा आहेत. शाळकरी मुलांनी, बायकांनी, वयस्कर माणसांनी तिथे निर्धास्त सायकल चालवावी, असे मनापासून वाटते. मात्र हा विषय निघाला की काही ठरावीक समजुती आडव्या येतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १: रान सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचे. कुठूनही सायकल घालावी.

वस्तुस्थिती: राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यात नियम आणखी कडक आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ प्रवेशावर निर्बंध घालते आणि पर्यटनासाठीचा परवाना कलम २८ खाली मिळतो. इसापूर पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी हेच लागू होते. वनातून जाणारा सार्वजनिक रस्ता आणि वनखात्याची गस्तीची वाट यांतही फरक आहे. पहिल्यावर जाता येते, दुसरीसाठी विचारावे लागते. त्यासाठी मुंबई-नागपूर गाठायची गरज नाही. गावच्या वनरक्षकापासून सुरुवात करून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात वाट, दिवस, वेळ आणि सायकलस्वारांची संख्या स्पष्ट लिहावी.

गैरसमज २: मग जंगलात सायकलला परवानगी मिळतच नाही.

वस्तुस्थिती: मिळते, आणि आपल्याच राज्यात मिळते. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात आणि लोक कान्हेरी लेण्यांच्या दिशेने त्या चालवतात. राजस्थानात भरतपूरजवळचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. १९८५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे एका टप्प्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. माणसे पायी किंवा सायकलने पक्षी पाहतात. नेदरलँड्समधील होगे वेलुवे उद्यानात तर प्रवेशाचे तिकीट काढले की पांढऱ्या सायकली फुकट वापरायला मिळतात आणि चाळीसहून अधिक किलोमीटरच्या सायकलवाटा मोकळ्या होतात. या सगळ्या ठिकाणी वाट ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि देखरेख करणारे कोणीतरी आहे. परवानगीचा खरा आधार तोच आहे.

गैरसमज ३: सायकलमार्ग म्हणजे डांबर, पेव्हर ब्लॉक आणि कोट्यवधींचा निधी.

वस्तुस्थिती: रानातली सायकलवाट बहुतेक वेळा आधीपासूनच असते. वणवा पसरू नये म्हणून वनखाते गवत-पाला काढून जाळरेषा राखते. गस्तीच्या वाटा असतात, जुन्या गाडवाटा असतात, गावाला रानाशी जोडणाऱ्या पांदणी असतात. एका सायकलला दीड मीटर रुंदी पुरते, समोरासमोर दोन जाणार असतील तर अडीच-तीन मीटर. याउलट नवा पक्का रस्ता करायचा म्हटले, की १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीचा प्रश्न उभा राहतो, झाडे तुटतात आणि गुळगुळीत रस्त्यावर सगळ्यात आधी मोटारसायकलीच धावू लागतात.

खर्च करायचाच तर पाण्यावर करावा. आपल्याकडची काळी माती पहिल्या पावसात चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि सायकल जागेवर थांबते. अशा तुकड्यांवर मुरूम टाकावा आणि उतारावर आडवे चर काढून पाणी बाजूला काढून द्यावे. दुसरी गरज फाटकाची आहे. सायकल आणि माणूस जाईल एवढी फट ठेवून बाकी वाट कुलूपबंद करावी. किल्ली वनखात्याकडे आणि गावाकडे असावी, म्हणजे वणव्याच्या वेळी किंवा रुग्णवाहिकेसाठी फाटक लगेच उघडता येईल.

गैरसमज ४: वाहनमुक्त वाट म्हणजे गावकऱ्यांनाही बंदी.

वस्तुस्थिती: इथे सगळ्यात जास्त जपून पावले टाकायला हवीत. ज्या वाटेवर शहरातला माणूस आठवड्यातून एकदा सायकल फिरवणार, तीच वाट कुणाच्या रोजच्या पोटाची आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचली जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो, गुरे वर्षभर जातात. कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासी कुटुंबांचे रानाशी असलेले नाते पर्यटनाहून कितीतरी जुने आहे. वनहक्क कायदा, २००६ सामूहिक हक्कांना मान्यता देतो आणि रानाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, तेव्हा रानाचा कारभार गाव चालवू शकते हे राज्याने पाहिले. म्हणून बंदी फक्त इंजिनाला हवी. बैलगाडी, गुरे आणि सरपणाची मोळी घेतलेली बाई यांना वाटेवर पहिला मान, आणि सायकलस्वाराने उतरून बाजूला थांबायचे.

गैरसमज ५: जंगलात सायकल म्हणजे जनावराच्या तोंडी जाणे.

वस्तुस्थिती: बोरिवलीच्या उद्यानाच्या परिसरात २०१८ च्या गणनेत ४७ बिबटे नोंदले गेले, आणि त्याच उद्यानात माणसे रोज चालतात, सायकली चालवतात. मात्र धोका नाहीच, असेही नाही. सायकल आवाज करत नाही आणि वेगाने येते, त्यामुळे जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक सायकलस्वार वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि हल्ल्यात मरण पावला. आपल्या रानात रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवे आले तरी मोठी इजा होते. उपाय साधे आहेत. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवावी, उतारावर वेग धरू नये, एकट्याने जाऊ नये. सूर्योदयानंतर निघून सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी बाहेर पडावे. जनावर दिसले तर थांबून त्याला वाट द्यावी. मोबाइल काढून जवळ जाऊ नये.

गैरसमज ६: सायकलला धूर नाही, म्हणजे जंगलाला तिचा काहीच त्रास नाही.

वस्तुस्थिती: त्रास कमी आहे, पण आहे. ओल्या वाटेवरून चाके गेली की चर पडतात आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते. टायरला चिकटलेल्या मातीतून गाजरगवताचे बी रानात पोहोचते. टिटवी, तितर, रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. वाट सोडून घातलेली एक सायकल ते घरटे मोडू शकते.

म्हणून प्रत्येक रिकामी वाट सायकलसाठी नसते, हेही मान्य करायला हवे. हिंगोलीवरून जाणारा लोहमार्ग मीटरगेज होता तेव्हा तो अकोल्यापुढे मेळघाटच्या जंगलातून खंडव्याला जात असे. ब्रॉडगेज करताना हा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून वळवण्याचे ठरले, त्यामुळे जंगलातला जुना तुकडा मोकळा झाला. परदेशात अशा सोडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा झाल्या आहेत, पण वाघाच्या घरातला हा मार्ग वाघालाच परत मिळायला हवा. हिंगोलीतही पाणवठ्यांजवळची आणि दाट रानातली वाट सोडून कडेची, गावाला लागून असलेली वाट निवडावी.

गैरसमज ७: त्यासाठी महागडी गिअरची सायकल लागते.

वस्तुस्थिती: सपाट जाळरेषेवर शाळेची साधी सायकलही चालते. ब्रेक चांगले हवेत आणि टायर जाड. खरा शत्रू काटा आहे: बाभळीचा, बोरीचा आणि जमिनीवर पसरलेल्या सराट्याचा. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान आणि दोन बाटल्या पाणी एवढे जवळ असावे.

गैरसमज ८: वाट वर्षभर खुली ठेवता येते.

वस्तुस्थिती: पावसाळ्यात चिखल असतो. उन्हाळ्यात मराठवाड्याचे ऊन ४० अंशांच्या पुढे जाते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचे पहिले दिवस, हाच खरा काळ. उरलेले महिने रानाला विश्रांती मिळावी.

गैरसमज ९: यातून गावाला काय मिळणार?

वस्तुस्थिती: केवलादेवचे सायकलरिक्षावाले पक्ष्यांची ओळख करून देणारे वाटाडे झाले, त्यावर त्यांची घरे चालतात. आपल्याकडे संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. प्रवेशशुल्क, भाड्याच्या सायकली, पंक्चरचे दुकान, पिठलं-भाकरीचे जेवण आणि वाटाड्याचे मानधन हे सगळे समितीमार्फत गावातच राहू शकते. पैसा भलत्याच हाती जाऊ नये म्हणून हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

सुरुवात छोटी असावी: चार-पाच किलोमीटरची एकच जाळरेषा, एक हिवाळा, फक्त रविवारची सकाळ. ग्रामसभेचा ठराव आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी संमती हाती असावी. हंगाम संपल्यावर गाव, वनखाते आणि सायकलस्वार यांनी एकत्र बसून वाटेची झीज, जनावरांच्या नोंदी आणि जमा-खर्च पाहावा. रान सोसू शकले तर वाट वाढवावी, नाहीतर फाटक बंद करावे. एवढी तयारी ठेवणाऱ्या गावाने या ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच हा विषय मांडावा.