हळदीच्या फोटोत चेहरा पांढराफटक का पडतो? आणि तो एडिटिंगमध्ये का सुधारत नाही?

मे महिना, अंगणात हळद, वेळ दुपारी साडेबाराची. फोटो हातात येतात तेव्हा नवरीचं कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग पांढराफटक पडलेला असतो. "एडिटिंगमध्ये करून देतो," असं आश्वासन मिळतं. प्रत्यक्षात पांढरा डाग फक्त राखाडी होतो. त्वचा परत येत नाही, आणि हळद काही पुन्हा लागत नाही.

नेमकं काय होतं?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे नळाखाली लावलेला हंडा समजा. हंडा काठोकाठ भरला की पुढचं पाणी वाहून जातं आणि किती वाहून गेलं, हे नंतर कळायला मार्ग नसतो. प्रकाशाचंही तसंच. जेपेग फोटोत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला 0 ते 255 मधला एक आकडा मिळतो. तिन्ही 255 वर पोहोचले की तिथे फक्त पांढरा उरतो.

हळदीत आणखी एक गोची आहे. पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा भरपूर, निळा कमी. त्यामुळे लाल रंग आधीच काठाला लागतो आणि गालावरची हळद सपाट पिवळा ठिपका दिसते.

त्यात मेच्या मध्यात मुंबई-पुण्यात सूर्य भर दुपारी जवळपास नेमका डोक्यावर येतो. कपाळ तळपतं, डोळे मात्र काळ्या खोबणीत जातात. मागे वडाची गर्द सावली असेल तर ऑटो मोड आणखी फसतो. एकूण दृश्य अंधारं आहे असं समजून तो उजेड वाढवतो आणि चेहरा जातो.

मग करायचं काय?

संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची वाट बघा, हा सल्ला छान आहे, पण हळद मुहूर्तावर लागते. त्यापेक्षा पाट दोन हात सरकवून व्हरांड्यात किंवा झाडाखाली घेणं सोपं. मात्र पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडत नाहीत ना, ते बघा. वर पांढरं कापड ताणलं तरी ऊन मऊ होतं. लाल-पिवळं कापड नको, त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. जागा हलवता येत नसेल तर नवरीची पाठ सूर्याकडे करा.

कॅमेऱ्यात हायलाइट वॉर्निंग सुरू ठेवली की उडालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. दागिन्याची चमक किंवा आभाळाचा तुकडा लुकलुकला तर बिघडत नाही. कपाळ लुकलुकलं तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. फोटो थोडा काळपट दिसेल, पण अंधाऱ्या भागात माहिती शिल्लक असते आणि ती नंतर उजळता येते. रॉ फाइलमध्ये हे जास्त जमतं, कारण 14 बिटच्या फाइलमध्ये 256 ऐवजी 16,384 पायऱ्या असतात. एखादाच रंग काठाला लागला असेल, तर रॉमधून तपशील बऱ्यापैकी वाचवताही येतो. तिन्ही गेले असतील तर तिथे एडिटर फार तर अंदाजाने रंग भरतो.

मागची पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/2.8 वर काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: कडक उन्हात आयएसओ 100 ला शटर साधारण 1/3200 सेकंद ठेवावा लागतो.

मोबाइलवर काढत असाल तर स्क्रीनवर चेहऱ्याच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याची खूण येते. ती खाली ओढा, कपाळाचा रंग दिसू लागेपर्यंत.