सह्याद्रीत बर्फ नाही : भोर-वेल्ह्याचे पाणी मार्चमध्ये जाते कुठे?

जुलैत भोर-वेल्ह्याकडे फिरायला आलेल्या माणसाला इथे पाणीटंचाई असते हे सांगून पटत नाही. वरंधा घाट, मढे घाट, तोरण्याचा पायथा, जिकडे बघावे तिकडे धबधबे. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. तरीही मार्च उजाडला की डोंगरातल्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात आणि खाली कालव्यावर ऊस भिजत असतो. यात निसर्ग किती आणि व्यवस्था किती, हे आपल्याला वेगळे करता आले नाही तर आपण दरवर्षी टँकरच मागत राहू.

आधी निसर्ग. हिमालयात हिवाळ्यात पडलेला बर्फ डोंगरावरच थांबतो आणि ऐन उन्हाळ्यात वितळून नदीत येतो. म्हणजे तिथे डोंगर स्वतःच पाण्याची टाकी असतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या आपल्या नद्यांच्या माथ्यावर बर्फ नाही. जवळजवळ सगळे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. ते धरून ठेवायचे काम माती, झाडी आणि खडकाला करावे लागते. खडक काळा बसाल्ट, थरावर थर. भेगाळलेल्या थरात थोडे पाणी मुरते, खाली घट्ट थर लागला की ते आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. हे साठे लहान. दिवाळीत जोरात वाहणारा झरा शिमग्यापर्यंत करंगळीएवढा होतो. वरच्या उतारावरची झाडी तोडून प्लॉटिंग झाले, तर मुरणारे पाणी आणखी कमी.

आता व्यवस्था. बर्फाचे काम इथे धरणे करतात. 1920च्या दशकात पूर्ण झालेले भाटघर सुमारे साडेतेवीस टीएमसीचे. एक टीएमसी म्हणजे जवळपास 2,832 कोटी लिटर. शिवाय नीरा देवघर आहे, गुंजवणी आहे. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याकडे जाते. पण धरण दरीच्या तळाशी असते आणि वाडी कितीतरी वर. पाणी उताराने आपोआप खाली जाते. वर चढवायला मोटर, वीज, पाइप आणि दुरुस्तीचा पैसा लागतो. उन्हाळी आवर्तने सुटली की भाटघरचा फुगवटा मागे हटतो आणि काठच्या गावांसमोर गाळ उरतो. जमीन बुडाली इथली, पाण्याचे वेळापत्रक ठरते खालच्या पिकांप्रमाणे.

तिसरी गोष्ट गावातली. एका वाडीत आम्ही बसलो होतो, तिथली बौद्धवस्ती नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला आहे. पावसाळ्यानंतर सगळ्यांना पाणी येते. झरा मंदावला की दाब कमी होतो आणि पहिले कोरडे पडतात ते टोकाचे नळ. विचारले तर उत्तर मिळाले, "तुमची वस्ती उंचावर आहे, त्याला आम्ही काय करणार?" वस्ती तिथे का आहे, टाकी गावठाणातच का बांधली, यावर कोणी बोलले नाही. वरंधा घाट उतरला की महाड. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर पाण्याला हात लावण्याचा हक्क मागावा लागला. आज कोणी हात अडवत नाही, पण पाइप कुठून कुठे जाणार हे ठरवताना आपल्याला विचारलेही जात नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेला वाद दिला आहे. सिद्धार्थ गौतमाने तिथे युद्धाला विरोध केला आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन जण निवडून, त्यांनी पाचवा निवडावा व पाच जणांनी वाद मिटवावा, असे सुचवले. आधी चौकशी. आपल्या वस्तीच्या पाण्याची अशी चौकशी आपण कधी केली?

ती अवघड नाही. दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. एका मिनिटात भरली तर दिवसाला 14,400 लिटर झाले. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर, म्हणजे सुमारे 260 माणसांचे पाणी, अर्थात रात्रीचे साठवायला टाकी असेल तर. दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी मोजून वहीत लिहा. टोकाच्या नळालाही हाच हिशोब लावा.

छपराचाही हिशोब करून बघा. पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 1 लाख 39 हजार लिटर. पाच माणसांच्या घराला शंभर कोरड्या दिवसांसाठी 27,500 लिटर लागतात. एवढी टाकी एका घराला परवडत नाही हे खरे, पण विहाराच्या किंवा शाळेच्या छपरावर सामायिक टाकी होऊ शकते. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला मागासवर्गीयांचा 15 टक्के निधी आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना आहे. हा पैसा बऱ्याचदा प्रवेशद्वारावर आणि पेव्हिंग ब्लॉकवर जातो. त्यात आपलीही चूक आहे, कारण आपल्याच मंडळांनी ती मागणी केलेली असते.

मोजणी दिवाळीला सुरू केली तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत पाच-सहा नोंदी हातात येतात. 1 मेच्या ग्रामसभेत विषय मांडला, तर मंजुरी येईपर्यंत पाऊस सुरू होतो आणि काम पुढच्या वर्षावर जाते.