जबड्याची साक्ष, रक्ताचे घड्याळ

चंदीगडलगतच्या झिरकपूरहून सिमल्याकडे निघालेली गाडी पिंजोर, कालका मागे टाकत शिवालिकच्या टेकड्या चढू लागते. प्रवाशांचे डोळे थंड हवेच्या ठिकाणाकडे लागलेले असतात. पण माणूस किती जुना, या प्रश्नावरचा एक गाजलेला वाद याच डोंगररांगेत जन्मला, हे किती जणांना ठाऊक असते?

१९३२ साली येल विद्यापीठाचे तरुण संशोधक एडवर्ड लुईस यांना हिमाचलातील हरितल्यांगर येथे वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्याचे नाव ठेवले ‘रामपिथेकस’, म्हणजे रामाचा कपी. दातांची ठेवण माणसासारखी वाटत होती. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला माणसाचा पूर्वज ठरवले. म्हणजे माणसाची वाट कपींपासून सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली!

१९६७ साली बर्कलेच्या व्हिन्सेंट सारिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासले. त्यांचे उत्तर होते, माणूस आणि चिंपांझी अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. जीवाश्मतज्ज्ञ खवळले.

पोथीच्या दोन नकला

रक्तावरून काळ कसा कळतो? एका पोथीच्या दोन नकला दोन गावी गेल्या, तिथे पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या गेल्या, असे समजा. प्रत्येक वेळी काही अक्षरे चुकणारच. आज दोन्ही पोथ्यांतला फरक मोजला, तर त्या केव्हा वेगळ्या झाल्या याचा अंदाज येतो. जनुकांचेही तसेच. मात्र शतकाला चुका किती, हे कळायला तारीख माहीत असलेली एखादी प्रत हवीच. ती देतात जीवाश्म. सारिच-विल्सन यांनीही कपी आणि माकडे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, हे जीवाश्मांवरूनच धरले होते.

पारडे फिरले

१९८२ साली पिलबीम यांनीच पाकिस्तानातील पोटवार पठारावर मिळालेल्या ‘शिवपिथेकस’च्या चेहऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो हुबेहूब ओरांगउटानसारखा होता! रामपिथेकस हा शिवपिथेकसच निघाला. पूर्वजाचा मान गेला आणि पिलबीम यांनी आपले मत बदलले. आज माणूस-चिंपांझी फारकत साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वीची मानतात.

गंमत म्हणजे, ओरांगउटानची शाखा किमान सव्वा कोटी वर्षे जुनी आहे, हे सांगून आता शिवपिथेकसच जनुकांचे घड्याळ लावायला मदत करतो.

शोध थांबलेला नाही. जम्मूतील रामनगरला २०१५ साली एक दाढ मिळाली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचे राजीव पटनाईक यांचा सहभाग असलेल्या चमूने २०२० साली ती गिबनच्या सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या नातलगाची असल्याचे जाहीर केले.

दगड आणि रक्त, दोघांची साक्ष जुळली की मगच वंशावळीवर तारीख पडते.