वाढत्या शोधसूचीतील कालखंडाचा प्रश्न

ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्दापुढे पृष्ठांक असतात. डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलेली ‘ल्युसीन’ ही शोधप्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. प्रारंभी तिच्यात तारीखही शब्दाप्रमाणेच नोंदवली जाई. त्यामुळे ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ असा शोध घेताना मधली प्रत्येक वेगळी वेळ स्वतंत्र शब्द म्हणून शोधावी लागे. अशा शब्दांची नेमून दिलेली मर्यादा १०२४ होती. ती ओलांडली की शोधच नाकारला जाई. म्हणजे लहान संग्रहात बिनचूक चालणारा शोध संग्रह वाढताच बंद पडे.

यावरचा पहिला उपाय साधा आहे : गरजेपेक्षा सूक्ष्म वेळ नोंदवू नये. वर्षात सेकंद ३,१५,३६,००० असतात, दिवस मात्र ३६५. तथापि दिवसापर्यंतच नोंद ठेवली, तर एकाच दिवसातील नोंदींचा क्रम सूचीतून नाहीसा होतो. दुसरा उपाय २००९ साली ल्युसीनच्या २.९ आवृत्तीत आला. त्यात एकच वेळ सूक्ष्म व स्थूल अशा अनेक पातळ्यांवर नोंदवली जाते. कालखंडाचा मधला भाग मोठ्या गटांनी घेतला जातो. फक्त दोन्ही टोके बारकाईने तपासली जातात. २०१६ च्या ६.० आवृत्तीत संख्यांसाठी स्वतंत्र वृक्षरचना आली.

तात्पर्य, शोधाचा वेग यंत्राच्या शक्तीइतकाच नोंदीच्या शिस्तीवर अवलंबून असतो. महाविद्यालयातील जुन्या नियतकालिकांची सूची संगणकावर आणताना तारीख किती बारकाईने हवी, हे आधीच ठरवावे. नंतर बदलायचे तर सारी सूची नव्याने बांधावी लागते.