ऑर्डर वाढल्या, मग पैसे कुठे गेले?

आपल्या होस्टेलवर दर दोन खोल्यांआड एक भावी उद्योगपती राहतो. कुणाला टी-शर्ट विकायचेत, कुणाला गावाकडचा गूळ, कुणाला स्वतः बनवलेले टेबल लॅम्प. सगळ्यांचं गणित एकच : "शंभरात बनवायचं, दोनशेला ऑनलाइन टाकायचं, शंभर रुपये सुटले!" या शंभर रुपयांचं वाटेत काय होतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी आत्या सोलापूरला असते. घरचे चार यंत्रमाग, माल म्हणजे टॉवेल. गेल्या वर्षी तिने एका ऑनलाइन बाजारात टॉवेल विकायला सुरुवात केली. तिथे कंपनी फक्त गिऱ्हाईक आणून देते. माल आणि त्याची जोखीम विकणाऱ्याची. ऑर्डर वाढत गेल्या तशी आत्या आणखी दोन मागांसाठी कर्ज काढायचं म्हणू लागली. पण एक प्रश्न तिला छळत होता, "अरे, माल तर रोज जातोय, मग खात्यात पैसे का दिसेनात?" दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं वही घेऊन बसलो. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. कंपनीगणिक दर वेगळे असतात आणि ते बदलतही राहतात. हिशेबाची रीत मात्र हीच.

एक टॉवेल १९९ रुपयांना. त्यातला ५ टक्के जीएसटी सरकारचा, उरले १८९.५०. कंपनीचं कमिशन ८ टक्के, म्हणजे १६. दर ऑर्डरमागे ठरावीक शुल्क १०. कुरिअर ६०. पिशवी, लेबल, टेप ८. सूत, रंग, मजुरी, वीज धरून टॉवेलचा उत्पादन खर्च ७८. हातात राहिले १७.५०. (कंपनीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण नोंदणी असलेल्या विक्रेत्याला तो आपल्या करातून वळता करता येतो, म्हणून इथे धरलेला नाही.)

आता कुरिअरच्या त्या साठ रुपयांकडे बघू. कुरिअरवाला फक्त वजन बघत नाही, गाडीतली जागाही बघतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा भाजक हाच. येईल ते 'आकारमानी वजन', किलोमध्ये. हे आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. आत्या ३५० ग्रॅमचा टॉवेल ३० x २५ x १० च्या खोक्यात पाठवत होती. ७५०० भागिले ५००० म्हणजे दीड किलो! एक किलोहून जास्त निव्वळ हवेचं भाडं चाललं होतं. तोच टॉवेल घट्ट घडी घालून ३० x २२ x ३.५ च्या पिशवीत बसवला तर ०.४६ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यात. वरचे साठ रुपये हे पिशवीचे आहेत. खोक्यात त्याहून जास्त जात होते.

तरीही खरा खड्डा पुढेच आहे. परत येणारा माल! कुणाला रंग आवडत नाही, कुणी 'पैसे दारात देतो' म्हणून मागवतो आणि दार उघडत नाही. समजा १०० ऑर्डरींपैकी १५ परत आल्या. कमिशन आणि ठरावीक शुल्क परत मिळालं असं धरू. पण जायचं भाडं ६०, यायचं ७० आणि पॅकिंग ८ गेलंच. म्हणजे एकामागे १३८, पंधरांचे २०७०. त्यातले पाच टॉवेल मळून आले, विकता येणार नाहीत, त्यांचे ३९०. एकूण २४६०. आणि विकलेल्या ८५ टॉवेलांवर सुटले १४८७.५०. म्हणजे शंभर ऑर्डरींमागे जवळपास ९७० रुपयांचा तोटा. ऑर्डर दुप्पट झाल्या की तोटाही दुप्पट. कर्ज काढून आत्या हेच दुप्पट करणार होती.

यातली मेख अशी, की पोचवण्याचा बराचसा खर्च वस्तूच्या किमतीवर नसतो, दर पार्सलमागे असतो. १९९ ची वस्तू असो की ५९९ ची, दार एकच वाजवायचं असतं. म्हणून आम्ही चार टॉवेलांचा संच ५९९ ला मांडून पाहिला. कर वजा जाता ५७०.५०. कमिशन ४८, शुल्क २०, दोन किलोच्या टप्प्याचं कुरिअर ११०, पॅकिंग १२, उत्पादन ३१२. सुटले ६८.५०. तेवढाच माल परत आला आणि यायचं भाडं १२० धरलं, तर परतीचा खर्च ५१९० आणि ८५ संचांवरची कमाई ५८२२.५०. शंभर ऑर्डरींमागे ६३० रुपये शिल्लक. फार नाहीत, पण बाजू तरी बदलली! परतावे पंधराचे दहा झाले आणि मळलेला मालही त्याच प्रमाणात घटला तर हा आकडा २७०० च्या वर जातो. म्हणून टॉवेलचं माप आणि खरा रंग दाखवणारा फोटो ही हौस नव्हे, खर्चाची बचत आहे.

"मग कंपनीच्याच गोदामात माल ठेवला तर?" असं कुणीतरी विचारणारच. ॲमेझॉनने ही सोय अमेरिकेत २००६ मध्ये सुरू केली. माल त्यांच्याकडे ठेवायचा. साठवणं, काढणं, बांधणं, पाठवणं त्यांचं. डोकेदुखी कमी होते, पण जागेचं भाडं महिन्याच्या हिशेबाने चालू राहतं. पटापट खपणाऱ्या मालाला हे परवडतं, पडून राहणाऱ्याला नाही.

आत्याने कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवला आणि सुटा टॉवेल विकणं बंद केलं. तुम्हीही काही विकायला काढाल तेव्हा आधी तीन गोष्टी वहीत लिहा : पॅक केल्यावरचं आकारमानी वजन, दर पार्सलमागचा एकूण खर्च, आणि शंभरातले किती परत येतील याचा अंदाज. हे तीन आकडे मांडूनही काही उरत असेल, तर खुशाल दुकान थाटा. पहिली ऑर्डर आपल्याच विंगची!